जीपच्या पोटाखालची डबी

१/
८ नोव्हेंबर २०११. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकील मायकेल ड्रीबेन यांना एक सरळ प्रश्न विचारला. तुमचे म्हणणे मान्य केले, तर उद्या तुम्ही आमच्या, म्हणजे या न्यायालयातील न्यायाधीशांच्या, गाड्यांना गुपचूप जीपीएस यंत्र लावून महिनाभर आमच्या हालचाली टिपू शकाल काय? दालनात हशा पिकला. ड्रीबेन यांच्या उत्तराचा मथितार्थ होता : होय. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या न्यायाधीशाला इतरांहून अधिक गोपनीयतेची अपेक्षा ठेवता येत नाही. आणि नाही तरी एफबीआय ठरवले तर कोणाच्याही मागे चोवीस तास माणसे लावू शकतेच की!

२/
हा धागा त्या 'होय'विषयी आहे. 'रस्ता सार्वजनिक आहे, तिथे तुम्हाला कोणीही पाहू शकते, मग सरकारने पाहिले तर बिघडले कुठे?' हा युक्तिवाद आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतो. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. माझे म्हणणे असे, की तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. रस्त्यावरच्या माणसाला आजवर जे संरक्षण होते ते कायद्याने दिलेलेच नव्हते. ते पाळतीच्या खर्चाने दिलेले होते. तो खर्च संपला आणि आपण उघडे पडलो. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

३/
आधी प्रकरण. अँटोइन जोन्स हा वॉशिंग्टनमधला एक नाइटक्लबचालक. एफबीआय आणि स्थानिक पोलिसांच्या संयुक्त पथकाला त्याच्यावर कोकेनच्या व्यापाराचा संशय होता. २००५ मध्ये पथकाने न्यायाधीशाकडून वॉरंट मिळवले. अट अशी, की यंत्र दहा दिवसांच्या आत आणि वॉशिंग्टन शहराच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या, हद्दीत बसवावे. पथकाने ते बसवले अकराव्या दिवशी आणि शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या एका सार्वजनिक वाहनतळावर. गाडी जीप ग्रँड चेरोकी, नोंदणी जोन्सच्या पत्नीच्या नावावर. गाडीच्या पोटाखाली चिकटवलेली ती डबी २८ दिवस बोलत राहिली. मधे एकदा बॅटरी संपली, तेव्हा गाडी दुसऱ्या वाहनतळावर उभी असताना ती बदललीही गेली.

४/
डबी गाडीचे ठिकाण ५० ते १०० फुटांच्या अचूकतेने सांगत होती. चार आठवड्यांत जमलेली माहिती भरली २,००० हून अधिक पाने. पुढे त्या आधारे छापा पडला आणि साडेआठ लाख डॉलर रोख, ९७ किलो कोकेन आणि वर एक किलो कोकेन बेस हाती लागले. जोन्सला जन्मठेप झाली.

५/
इथे थोडे थांबू या, कारण पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट हरवून जाते. वॉरंट मिळत नव्हते असे नाही. मागितले होते, मिळालेही होते. न्यायाधीशाने 'कधी' आणि 'कुठे' एवढेच ठरवून दिले होते. ते दोन्ही मोडल्यावर सरकारने न्यायालयात भूमिका घेतली, की मुळात वॉरंटची गरजच नव्हती! 'सुरक्षेसाठी कायदा आडवा येतो' अशी तक्रार करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. इथे कायदा आडवा आला नव्हता, अधिकाऱ्यांना तारीख पाळता आली नव्हती.

६/
पण सरकारची ही भूमिका हवेतून आलेली नव्हती. तिच्यामागे १९८३ चा 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध नॉट्स' हा निकाल होता. क्लोरोफॉर्मच्या पाच गॅलनच्या पिंपात पोलिसांनी 'बीपर' दडवला होता. बीपर म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ-संकेत सोडणारे साधे यंत्र. ते पिंप गाडीतून मिनेसोटातून निघाले आणि विस्कॉन्सिनमधल्या एका एकांतातल्या लाकडी घरापाशी पोहोचले. मागोमाग पोलीस. न्यायालय म्हणाले, की सार्वजनिक रस्त्यावरून जाणारा माणूस आपला मार्ग जगाला दाखवतच असतो, त्यात गोपनीयता कसली?

७/
पुढच्याच वर्षी 'कारो' प्रकरणात हाच बीपर ईथरच्या डब्यातून घराच्या आत गेला, आणि न्यायालयाने सूर बदलला. घराच्या भिंतीआड डोकवायचे तर वॉरंट हवे. म्हणजे रेघ आखली गेली ती उंबरठ्यावर. आत हक्क, बाहेर काही नाही. ही उंबरठ्याची रेघ लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला भारतात भेटणार आहे, आणि तीही अमेरिकेच्या आधी.

८/
नॉट्स निकालातले एक वाक्य मात्र पुढे महत्त्वाचे ठरले. कोणाही नागरिकावर चोवीस तास पाळत ठेवता येईल, या आक्षेपावर न्यायालयाने उत्तर दिले होते, की असे सरसकट जाळे टाकण्याचे प्रकार खरोखर घडू लागले तर तेव्हाचे तेव्हा पाहू. १९८३ मध्ये हे उत्तर शोभून गेले. बीपरला जवळपास एक गाडी ठेवावी लागे, त्या गाडीत माणूस लागे, आणि त्या माणसाला झोप लागे.

९/
इथे कोणी तरी नक्की विचारणार, की चाणक्याने हेर ठेवले नव्हते काय? शिवरायांपाशी बहिर्जी नाईक नव्हते काय? होते. अर्थशास्त्रात तर एका जागी राहून काम करणारे आणि फिरते असे गूढपुरुषांचे वर्ग पाडलेले आहेत. पण हेर म्हणजे माणूस. त्याला वेतन लागते, वेष लागतो, भाषा यावी लागते, तो पकडला जातो, फितूर होतो, थकतो. म्हणून राजाला निवड करावी लागते, की आज कोणावर नजर ठेवायची. बहिर्जींचे काम गनिमाच्या गोटातली खबर आणण्याचे होते. प्रत्येक रयतेच्या बैलगाडीमागे एकेक बहिर्जी लावणे कोणत्याही सत्तेला परवडणारे नव्हते.

१०/
जोन्सच्या २८ दिवसांचा साधा हिशेब करून पाहा. आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत निदान दोन माणसे. रोज सहा, २८ दिवसांचे १६८ मनुष्यदिवस. गाड्या, इंधन, नजर चुकणे, ओळखले जाणे हे निराळेच. एवढा खर्च करायचा तर वरिष्ठ विचारणारच, 'हा माणूस खरेच इतका महत्त्वाचा आहे का?' हा प्रश्न म्हणजेच नागरिकाचे संरक्षण होते. कोणत्याही घटनेत ते लिहिलेले नव्हते, कारण लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. ड्रीबेन जेव्हा म्हणतात की 'माणसे लावता येतातच, मग यंत्र का नको', तेव्हा ते नेमका हाच प्रश्न पुसून टाकत असतात.

११/
आता अडीचशे वर्षे मागे जाऊ, कारण जोन्सचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया स्वतः तिथे गेले. ११ नोव्हेंबर १७६२. लंडनमध्ये जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरी नेथन कॅरिंग्टन आणि राजाचे आणखी तीन दूत शिरले. एंटिक 'द मॉनिटर' या सरकारविरोधी पत्रात लिहितो असा संशय होता. चार तास त्यांनी खोल्या धुंडाळल्या, कुलपे उघडली, खासगी कागद वाचले, बरेचसे उचलून नेले. त्यांच्या हाती वॉरंट होते. सही होती लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याची, 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ची. न्यायाधीशाची नव्हे.

१२/
एंटिकने दूतांवर दावा लावला. १७६५ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला. सरकारचे म्हणणे : अशी वॉरंटे कैक वर्षे निघत आली आहेत आणि राज्याच्या सुरक्षेसाठी ती आवश्यक आहेत. कॅम्डेन यांचे उत्तर : हा अधिकार देणारा कायदा असता तर तो आमच्या पुस्तकांत सापडला असता, तो सापडत नाही, म्हणजे तो नाही. आणि राज्याची गरज म्हणजे कायदा नव्हे. ज्यूरीने एंटिकला ३०० पौंड नुकसानभरपाई ठरवली होती. मंत्र्याने सही केली म्हणून कागदाला कायद्याचे बळ येत नाही, हे तत्त्व इथे ठामपणे मांडले गेले.

१३/
अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनमध्ये, त्याच सुमारास दुसरा प्रकार चालू होता. जकातचोरी शोधण्यासाठी अधिकाऱ्यांना 'रिट्स ऑफ असिस्टन्स' नावाचे परवाने मिळत. त्यांत ना घराचे नाव, ना मालाचे वर्णन, ना संशयाचे कारण. मुदत अशी, की राजा जिवंत आहे तोवर आणि त्यानंतर सहा महिने. १७६० मध्ये दुसरा जॉर्ज वारला, परवाने नव्याने काढायची वेळ आली आणि व्यापाऱ्यांनी हरकत घेतली. जेम्स ऑटिस हा वकील सरकारी पद सोडून व्यापाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला.

१४/
१७६१ च्या त्या भाषणात ऑटिसने सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. वेअर नावाच्या माणसाला न्यायाधीश वॉली यांनी एका किरकोळ गुन्ह्यासाठी (रविवारचा नियम मोडणे किंवा शिवीगाळ) समोर बोलावले. चौकशी संपली. वेअरने विचारले, 'आपले झाले?' 'झाले.' 'मग आता माझा अधिकार थोडा दाखवतो' असे म्हणून त्याने खिशातला परवाना काढला आणि चोरटा माल शोधण्याच्या नावाखाली न्यायाधीशाचे घर माळ्यापासून तळघरापर्यंत धुंडाळले. मग त्याला पकडून आणणाऱ्या शिपायाचेही तेच केले. परवाना मुळात त्याच्या नावचाही नव्हता, दुसऱ्याने त्याच्याकडे सोपवलेला होता.

१५/
आता पहिल्या पोस्टकडे पुन्हा पाहा. रॉबर्ट्स यांचा प्रश्न, 'आमच्याही गाड्यांना लावाल काय?', हा १७६१ चाच प्रश्न आहे. कारण विचारले जात नसेल तर अधिकार कोणाच्या हाती जाईल आणि कोणाविरुद्ध वापरला जाईल याला धरबंध राहत नाही. ऑटिस तो खटला हरला. पण श्रोत्यांत जॉन अ‍ॅडम्स नावाचा तरुण वकील बसला होता. म्हातारपणी, अमेरिकेचे अध्यक्षपद भूषवून झाल्यावर, त्याने लिहिले की स्वातंत्र्याचे बाळ त्या दिवशी त्या दालनात जन्मले. १७९१ मध्ये आलेली चौथी घटनादुरुस्ती हा त्या परवान्यांचाच प्रतिसाद. नागरिकाची व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण.

१६/
२३ जानेवारी २०१२ ला जोन्सचा निकाल लागला. नऊ विरुद्ध शून्य. सरकारने यंत्र लावून गाडीचा माग काढला ती 'झडती'च होती, यावर सगळे एकमत. कारणांवर मात्र फाटाफूट. स्कालिया आणि त्यांच्यासोबतचे चौघे म्हणाले, की गाडी ही चीजवस्तू आहे आणि माहिती काढण्यासाठी तिला सरकारने हात लावला, हे घुसखोरीसारखेच. न्या. अलिटो आणि तिघांना हे पटले नाही. त्यांच्या मते प्रश्न डबी चिकटवण्याचा नाहीच, दीर्घकाळ माग काढण्याचा आहे.

१७/
स्कालियांनी अठराव्या शतकाशी सांधा जुळवला, त्यावर अलिटोंनी तळटीपेत खोचक शेरा मारला. त्या काळी याला समांतर प्रसंग कोणता? शिपाई बग्गीत लपून बसून मालकाची वाट न्याहाळतो आहे? त्यासाठी बग्गी अवाढव्य हवी, नाही तर शिपाई इवलासा, आणि शिवाय तो भलताच सोशिक हवा! विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा पक्का आहे. जुन्या काळाशी तुलना जुळत नाही, कारण जुन्या काळी हे करताच येत नव्हते.

१८/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून स्कालियांची एंटिकवरची निष्ठा मला भावते, पण त्यांचा मार्ग तोकडा आहे असेच मी म्हणेन. हात लावला म्हणून चूक ठरवायचे, तर हात न लावता केलेल्या पाळतीचे काय? याच चुकीच्या वाटेने हे न्यायालय एकदा गेले होते. १९२८ च्या 'ओल्मस्टेड' प्रकरणात, सिएटलच्या एका दारूतस्कराचे फोन सरकारी अधिकाऱ्यांनी घराबाहेरच्या तारांना जोड देऊन ऐकले. घरात पाऊल टाकले नाही, म्हणून झडती नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. न्या. ब्रँडाइस यांनी विरोधी मतात बजावले, की उद्या कागद टेबलाच्या खणातून न काढताही ते न्यायालयात हजर करण्याची युक्ती सरकारला सापडेल. ती चूक दुरुस्त व्हायला १९६७ उजाडले, 'कॅट्झ' प्रकरण यावे लागले.

१९/
जोन्स प्रकरणात सर्वांत दूरचे पाहिले ते न्या. सोनिया सोटोमायोर यांनी. त्या स्कालियांच्या बहुमतात होत्या, पण वेगळे मतही लिहिले. गाडी कुठे गेली हे महिनाभर टिपले, की माणसाचे अवघे आयुष्य वाचता येते : मानसोपचारतज्ज्ञाकडची फेरी, फौजदारी वकिलाचे कार्यालय, कामगार संघटनेची बैठक, मशीद की चर्च, तासावर मिळणारी खोली. यातली एकेक फेरी कोणीही पाहिली असती. सगळ्या फेऱ्या एकाच वहीत लिहिणारा मात्र पूर्वी कोणी नव्हता. आणि ही माहिती स्वस्तात, गुपचूप मिळते, म्हणून गैरवापराला आवर घालणारा नेहमीचा अडसर, म्हणजे साधनांची टंचाई, उरत नाही, हेही त्यांनीच लिहिले. दहाव्या पोस्टमधला माझा हिशेब हा त्याच विचाराचा विस्तार आहे.

२०/
'पण जोन्स अमली पदार्थांचा व्यापारी होता!' होय. ओल्मस्टेड दारूतस्कर होता, कॅट्झ जुगारी होता. हक्कांचे खटले बहुतेक वेळा बदनाम माणसांच्या नावाने लढले जातात, कारण सरकार पहिला प्रयोग त्यांच्यावरच करते; त्यांची बाजू घ्यायला कोणी येणार नाही याची खात्री असते. शिवाय प्रयोग तिथेच थांबत नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विशीतल्या अरब-अमेरिकन विद्यार्थ्याने गाडी तेल बदलायला नेली, तेव्हा तिच्याखाली अशीच डबी सापडली. त्याच्या मित्राने फोटो इंटरनेटवर टाकले. थोड्याच दिवसांत एफबीआयचे लोक दारात हजर, आमचे यंत्र परत द्या म्हणून!

२१/
इंडियानातले प्रकरण त्याहून वरताण. २०१८ मध्ये पोलिसांनी वॉरंट घेऊनच एका संशयिताच्या गाडीला यंत्र लावले. काही दिवसांनी यंत्र गप्प झाले. पोलिसांनी निष्कर्ष काढला, की त्याने ते काढून टाकले, म्हणजे सरकारी मालमत्तेची चोरी झाली! त्या 'चोरी'च्या नावावर घराच्या झडतीचे वॉरंट काढले आणि आत अमली पदार्थ सापडले. २०२० मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा बाद केला. गाडीवर चिकटलेली, मालकाचे नाव नसलेली अनोळखी डबी कोणी काढली, तर एवढ्यावरून चोरीचा वाजवी संशय येत नाही. अक्कलहुशारीने चालणाऱ्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागले.

२२/
जोन्सच्या निकालानंतर एफबीआयला सुमारे ३,००० चालू यंत्रे बंद करावी लागली, असे तिच्या मुख्य विधी सल्लागाराने काही आठवड्यांतच जाहीरपणे सांगितले. आणि खुद्द जोन्स? तो सुटला नाही. फेरखटल्यात सरकारने जीपीएसऐवजी त्याच्या मोबाइल फोनच्या टॉवरच्या नोंदी पुढे केल्या. त्या न्यायालयाने चालवून घेतल्या. ज्यूरीचे एकमत होईना, तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला आणि १५ वर्षांची शिक्षा घेतली. डबी काढली, फोन खिशातच होता. स्कालियांचा मार्ग तोकडा का, याचा पुरावा खुद्द त्याच खटल्याने दिला. टॉवरच्या नोंदींनाही वॉरंट हवे हे ठरले २०१८ च्या 'कार्पेंटर' निकालात. तिथे १२७ दिवसांत एका माणसाची १२,८९८ ठिकाणे नोंदली गेली होती. तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

२३/
आता उंबरठ्याच्या रेघेकडे, म्हणजे भारताकडे. खरक सिंग हा उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची 'हिस्टरी शीट' उघडली. मग पोलीस नियमावलीतील नियम २३६ लागू झाला : घरावर गुप्त पहारा, रात्री घरी येऊन तपासणी, मिळकत-खर्च-संगत यांची वेळोवेळी चौकशी, गावाबाहेर गेल्याची नोंद, आणि जिथे गेला तिथल्या पोलिसांकडून पडताळणी. चौकीदार रात्री दार ठोठावून त्याला झोपेतून उठवीत. गाव सोडायचे तर कुठे चाललो आणि कधी परतणार हे सांगून जावे लागे. जीपीएस नव्हते म्हणून हे सगळे काम पायी चालत असे.

२४/
डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. बहुमताने रात्रीची घरभेट रद्द केली, कारण घर हा माणसाचा गड. बाकीचे नियम कायम ठेवले, कारण हालचालींवर नजर ठेवल्याने हालचाल अडत नाही आणि गोपनीयतेचा हक्क आपल्या घटनेत नाही. हीच ती उंबरठ्याची रेघ, नॉट्सच्या २१ वर्षे आधी! (१९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे रघुनाथ मुधोळकर, यांचे चिरंजीव न्या. जनार्दन मुधोळकर हेही या बहुमतात होते. आपल्या माणसांबद्दलही लिहायला हवे.)

२५/
विरोधी मत न्या. सुब्बा राव यांचे, न्या. जे. सी. शहा त्यांच्यासोबत. त्यांचा विचार असा : माणूस उगाच फिरत नाही, काही तरी हेतू धरून फिरतो. मागे सावली लागली असेल तर शरीर हलेल, पण ते चावी दिलेल्या बाहुलीचे हलणे. पोलिसाच्या नजरेखालच्या फिरण्याला मोकळे फिरणे कसे म्हणायचे? अशा माणसाला अवघा देशच तुरुंग होतो. जीपीएसचा शोधही लागला नव्हता तेव्हा लिहिलेले हे मत सोटोमायोर यांच्या मताशेजारी ठेवून वाचा. मला तर सुब्बा राव अधिक स्पष्ट वाटतात, कारण ते उपकरणाविषयी बोलतच नाहीत. ते पाळतीखालच्या माणसाविषयी बोलतात.

२६/
ते मत बरोबर होते हे मान्य व्हायला ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला आणि खरक सिंग निकालातला तेवढा भाग मोडीत काढला. त्या निकालात जोन्सची चर्चा आहे. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयां यांनी आणखी एक पाऊल टाकले : आरोपीने गूगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल असे ठेवावे, ही जामिनाची अट घटनाबाह्य. जामिनावर सुटलेल्या माणसाला नकाशावर बांधून ठेवणे म्हणजे त्याला कोठडीतच ठेवणे. सुब्बा राव यांचा तुरुंग इथे पुन्हा दिसतो.

२७/
'मग प्रश्न सुटला की!' नाही. टॅक्सी-बसगाड्यांत १ जानेवारी २०१९ पासून आलेले ठिकाणदर्शक यंत्र असो की फास्टॅग, ती उघड आहेत, नियमाने आहेत. त्यांच्या नोंदी कोण कधी पाहतो हा प्रश्न आहेच, पण निदान काचेवरचा फास्टॅग दिसतो तरी. माझा रोख गुपचूप लावलेल्या यंत्रावर आहे. खासगी गाडीला पोलिसांनी असे यंत्र लावण्याआधी न्यायाधीशाकडे जावे, असे बजावणारे स्वतंत्र कलम आपल्या कायद्यात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणांना अधिसूचनेने सूट देण्याची मुभा ठेवली आहे.

२८/
फोन ऐकण्यासाठी निदान कार्यपद्धती आहे. १९९६ च्या पीयूसीएल निकालाने ती घालून दिली. पण तिथेही आदेश देतो कोण? केंद्रात गृहसचिव, राज्यात राज्याचा गृहसचिव. तो आदेश तपासतो कोण? वरच्या सचिवांची समिती. हॅलिफॅक्स मंत्री होता आणि आपले गृहसचिव प्रशासकीय अधिकारी, हा फरक मला ठाऊक आहे. पण सही करणारा आणि माग काढणारा एकाच घरचा असू नये, हे १७६५ मध्ये लंडनला जेवढे खरे होते तेवढेच ते आज मुंबईला आहे. लॉर्ड कॅम्डेन यांच्यासमोर ही समिती उभी केली असती तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, यात न्यायाधीश कुठे आहे?

२९/
म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. पोलिसांना यंत्र नको असे कोणी म्हणत नाही. दहा दिवस, ठरलेली हद्द, नाव असलेली गाडी, लेखी कारण आणि पोलीस खात्याबाहेरच्या न्यायाधीशाची सही. तपास संपल्यावर संबंधित माणसाला कळवणे. जोन्सच्या पथकाला हे सगळे मिळाले होते, फक्त पाळायचे होते. आपल्याकडे ते मागण्याचीही तरतूद नाही. ती विधिमंडळात किंवा संसदेत कोणी मांडत असेल तर मला जरूर कळवा, त्या विधेयकावर स्वतंत्र धागा लिहीन.

३०/
हिस्टरी शीट, हजेरी आणि गाव सोडायचा परवाना यांची मुळे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत, आणि त्याचा सोलापूरच्या सेटलमेंटशी असलेला संबंध पुष्कळांना माहीत नाही. पुढचा धागा त्यावर. शंका, दुरुस्त्या, विरोध सगळे खाली लिहा. फक्त 'लपवायचे काय आहे' असे विचारण्यापूर्वी आपल्या फोनचे लॉक काढून शेजारच्या माणसाच्या हातात द्या, मग बोलू.